अंबाडी आल्याशिवाय

"कोट्रप्पा, लाईन सोडा."

"मौलासाबचा फोन न्हाई आला अजून, साहेब."

"फोन कशाला पाहिजे? समोर स्क्रीनवर काय दिसतंय ते वाचा."

कोट्रप्पाने रिसीव्हर मानेत धरून परत एकदा वाचले. ते त्याने तीनदा वाचलेले होते. परमिट क्रमांक एक्केचाळीस. तीन नंबर लाईन. काम पूर्ण. माणसे व सामान उतरवले. लाईन चालू करावी. खाली वेळ होती, अकरा वाजून वीस मिनिटे.

"वाचलं, साहेब."

"मग?"

"मौलासाबचा फोन आला की सोडतो."

पलीकडे शाखा कार्यालयातून बेळवटगी साहेबांनी असा श्वास सोडला की तो होसकेरी सबस्टेशनच्या टेबलावरच्या कागदांना लागावा. "अहो, तीन नंबरवर मिरचीची सहा शीतगृहं आहेत. मार्च महिना आहे. मालक लोक माझ्या टेबलाभोवती उभे आहेत. आणि तुम्ही फोनची वाट बघताय?"

"व्हय, साहेब."

फोन आदळला गेला. कोट्रप्पाने आपला रिसीव्हर मात्र हळू ठेवला. तीन नंबरच्या पॅनलवर "माणसे कामावर आहेत" ही लाल पाटी लटकत होती आणि त्या पॅनलची चावी त्याच्या शर्टाच्या खिशात होती. त्याने खिशाला हात लावून पाहिले. एकोणसाठ वर्षांचा ऑपरेटर, मेअखेरीस निवृत्त होणार, पण सकाळपासून पाचव्यांदा त्याने ती चावी चाचपली होती.

मौलासाब नदाफ हा त्या लाईनीचा वायरमन. आठ कोसांवर ओढ्याच्या खोलगटात खांबावर होता. सव्वादहाला फोन करून चढायला गेला होता. त्या खोलगटात फोनला रेंज नसते. काम झाले की मौलासाब उतरतो, सायकल दामटत मारुतीच्या टेकाडापर्यंत येतो आणि तिथून फोन करतो. फोनवर तो नाव सांगत नाही, की काम झाले असेही म्हणत नाही. तो एका भाजीचे नाव सांगतो.

ही रीत शेषगिरीरावांची. त्यालाही आता पस्तीस वर्षे झाली. कोट्रप्पा तेव्हा खांब उभे करणाऱ्या टोळीत मजूर होता, अंगठेबहाद्दर. एके दिवशी फोनवर कुणीतरी म्हणाले, "काम झालं, सोडा." त्या वेळच्या ऑपरेटरने लाईन सोडली. बोलणारा माणूस दुसऱ्या टोळीचा होता, दुसऱ्या लाईनीबद्दल बोलत होता. त्या लाईनीच्या खांबावर चढलेल्या निंगप्पाला खाली उतरवणाऱ्या चार माणसांत कोट्रप्पा होता. दोर बांधून हळूहळू उतरवले होते, जणू त्याला अजून लागण्यासारखे काही शिल्लक होते.

त्यानंतर शेषगिरीराव ऑपरेटर म्हणून आले. त्यांनी रजिस्टरात एक रकाना वाढवला. लाईन बंद ठेवायचे परमिट घेताना वायरमनने मनाला येईल ती भाजी सांगायची, काम संपवून खाली उतरल्यावर तीच भाजी परत सांगायची. भाजी जुळली तर लाईन. मिरची हा शब्द चालायचा नाही, कारण या गावात दर दुसरा माणूस मिरचीच बोलतो. पुढे कोट्रप्पा सबस्टेशनात मदतनीस म्हणून आला, तेव्हा रावांनी त्याला अक्षरे शिकवली ती याच रकान्यातून. बत्तिसाव्या वर्षी त्याने आयुष्यात पहिला शब्द लिहिला, तो "भेंडी". आपले नाव तो त्यानंतर आठवड्याने शिकला.

आता गेल्या उन्हाळ्यापासून कंपनीने ॲप आणले होते. वायरमनने हातातल्या फोनवर बटण दाबायचे, ते शाखा कार्यालयाला दिसायचे, शाखेकडून सबस्टेशनला, सबस्टेशनकडून परत. कागद नको, फोन नको. परिपत्रकात असेही होते की समांतर पद्धती तात्काळ बंद कराव्यात. कोट्रप्पाने ते परिपत्रक दोनदा वाचून, घडी घालून रजिस्टरात ठेवले होते. बरोबर भाजीच्या रकान्याच्या पानात.

आज सकाळी मौलासाबने पहिले परमिट घेतले तेव्हा शब्द होता पडवळ. साडेनऊला काम आटोपले, ॲपवर मेसेज आला, टेकाडावरून फोनवर पडवळही आले. लाईन सुटली. चाळीस मिनिटांत त्याच खांबावर पुन्हा ठिणग्या. मौलासाबचा पुन्हा फोन.

"कोट्रण्णा, तार धरणारा तो वरचा चिनीमातीचा चेंडूच तडकलाय. बदलायला लागतोय. करा परत लाईन बंद."

"शब्द बोल."

"बायकूनं आज अंबाडीची भाजी बांधलीय. लिवा अंबाडी."

"दुपारी खाशील का नुसताच नाव घेऊन फिरशील?"

"तुम्ही लाईन लवकर बंद करा, मग खातो!"

ते सव्वादहाला. त्यानंतर अंबाडी आली नव्हती. आला होता फक्त हा मेसेज.

कोट्रप्पाने शाखा कार्यालयात वीरनगौडाला फोन लावला. वीरनगौडा तिथला कंप्युटरवाला, कामाला वाघ, पण तोंडाचा पट्टा सैल.

"गौडा, मौलासाबनं तुला काय कळवलंय का?"

"मला काय कळवायचं काका, ॲपवर आलंय की! एक्केचाळीस नंबर, काम पूर्ण. माझ्याकडं बी दिसतंय, साहेबाकडं बी दिसतंय. तुमच्याकडं न्हाई दिसत?"

"दिसतंय."

"मग सोडा की. तुमच्यामुळं मी शिव्या खातोय हितं."

"एक्केचाळीस तर सकाळचं परमिट. दुसऱ्यांदा चढला त्याचा नंबर काय?"

"त्योच. नवीन अर्ज भरायचा म्हणजे बावीस रकाने हाईत, काका. त्यात मौलासाबच्या आधारचा नंबर, खांबाचा नंबर, हेल्मेटचा नंबर. मी जुनंच परत उघडलं. सगळे असंच करतात."

"म्हणजे सकाळचं आणि आत्ताचं, दोन्ही एक्केचाळीस."

"मग काय झालं? लाईन तीच, माणूस तोच."

कोट्रप्पाच्या तोंडात एक कन्नड शिवी आली होती, ती त्याने पाण्याच्या घोटाबरोबर गिळली. "असं कर. फटफटी काढ आणि ओढ्यावर जाऊन बघ, तो खाली आहे का वर."

"आणि कंप्युटर? धा मिनिटं हात लावला न्हाई की पान बंद पडतंय, परत आत शिरायला पासवर्ड, तो चुकला की जिल्ह्याला अर्ज. मी हलत न्हाई बाबा हितनं."

मग त्याने ॲपवाल्यांचा बेंगळुरूचा मदतीचा नंबर फिरवला. सात मिनिटे बासरी ऐकली. शेवटी एक मुलगी आली.

"नमस्कार सर, मी सिंचना बोलतेय. आपली काय मदत करू?"

"बाई, माझ्यासमोर एक मेसेज आलाय. तो कधी पाठवलेला आहे, एवढंच मला सांग."

"सर, मेसेजखाली वेळ दिसत असेल."

"अकरा वीस."

"हो सर, ती तुमच्याकडे पोचल्याची वेळ."

"मला पाठवल्याची पाहिजे."

"ती तुमच्या स्क्रीनवर दिसत नाही, सर."

"का दिसत न्हाई?"

"तसंच बनवलंय, सर." मुलगी वाईट नव्हती, तिच्यापुढे बहुधा वाचायचा कागद होता. "म्हणजे बघा, कुणीही मेसेज पाठवला की तो आधी एका रांगेत जातो. रांगेत लागला की पाठवणाऱ्याला हिरवी खूण मिळते. मग रांगेतून तो तुमच्याकडे येतो."

"म्हणजे पाठवणाऱ्याला वाटतं पोचलं, आणि ते अजून रस्त्यातच?"

"रस्त्यात नाही सर, रांगेत."

"रांग रस्त्यातच असते ना, बाई. आणि किती वेळ उभं ऱ्हातंय ते रांगेत?"

"एरवी दोन सेकंदसुद्धा नाही. पण आज तुमच्या जिल्ह्याची रांग सकाळी अडकली होती. सव्वाअकराला आम्ही सुरू केली. आता सगळे साचलेले मेसेज एकदम येतायत."

कोट्रप्पाचा हात परत खिशावर गेला. "म्हणजे हा सकाळचा असू शकतो."

"पाहावं लागेल, सर. तुम्ही ॲपवर तक्रार नोंदवा, मग तक्रारीचा नंबर सांगा, मग मी आत जाऊन पाहू शकते."

"तक्रार ॲपवर."

"हो, सर."

"ती बी रांगेत लागणार."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. कागदावर याचे उत्तर नसावे.

"बाई, ऐक," कोट्रप्पा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "एक माणूस खांबावर आहे, न्हाईतर खांबाखाली आहे. तो मेसेज आत्ताचा असंल तर खाली आहे. सकाळचा असंल तर वर आहे, आणि अकरा हजार व्होल्टची तार त्याच्या हातात आहे. मला तक्रार करायची न्हाई. मला तेवढं सांग."

"सर..." आणि मग तिने कागद बाजूला ठेवला असावा. "तुमचा नंबर द्या. मी बघून फोन करते."

तिचा फोन यायच्या आत बेळवटगी साहेबांचा आला. बारा वाजून पाच मिनिटे झाली होती.

"कोट्रप्पा, मी लेखी आदेश पाठवलाय. आता तरी सोडाल ना?"

"कुठं पाठवलाय, साहेब?"

"ॲपवर! माझ्याकडे हिरवी खूण आलीय."

"माझ्याकडं आदेश आला न्हाई, साहेब."

"असं कसं आला नाही? खूण आली म्हणतोय ना मी."

"ती रांगेत लागल्याची खूण, साहेब. पोचल्याची न्हाई."

"मला शिकवू नका. मी इंजिनियर आहे." साहेबांच्या मागे कुणीतरी मोठ्याने बोलत होते, थंड खोलीत चार हजार पोती आहेत असे काहीसे. "मग मी तोंडी आदेश देतो. सोडा लाईन. जबाबदारी माझी."

साहेब वाईट माणूस नव्हता. गेल्या वर्षी कोट्रप्पाची बायको शेखव्वा हिचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होते तेव्हा साहेबांनी आपली गाडी दिली होती. आणि जबाबदारी माझी, असे ते मनापासून म्हणत होते. निंगप्पाच्या वेळीही जबाबदारी कुणाची तरी होतीच. चौकशीत ती नीट लिहिली होती.

"साहेब, गाडी पाठवून ओढ्यावर बघायला सांगता का? अर्ध्या तासाचं काम आहे."

"गाडी जिल्ह्याला गेलीय मिटिंगला. या ॲपच्याच मिटिंगला! कोट्रप्पा, शेवटचं विचारतो. तुम्ही नक्की कशाची वाट बघताय?"

इतक्या वर्षांत त्याने हे वरच्या कुणाला सांगितले नव्हते.

"अंबाडीची, साहेब."

"काय?"

"अंबाडीची. मौलासाबनं वर चढताना अंबाडी सांगितलीय. अंबाडी आल्याशिवाय मी लाईन सोडत न्हाई."

मागचा शीतगृहवालाही बोलायचा थांबला. मग साहेब अगदी सावकाश म्हणाले, "सहा शीतगृहं, निम्मं गाव, आणि तुम्ही भाजीसाठी थांबलाय."

"व्हय, साहेब."

"तुमची निवृत्ती दोन महिन्यांवर आहे, हे लक्षात आहे ना?"

"आहे, साहेब."

या वेळी फोन आदळला नाही, नुसता ठेवला गेला. ते जास्त लागले. कोट्रप्पा उठला, पॅनलपाशी जाऊन पाटी सरळ केली. ती सरळच होती. बाहेर आवारात ऊन भाजत होते, ट्रान्सफॉर्मरची घरघर तेवढी चालू होती. त्याने डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच परत ठेवला. मौलासाब पंचेचाळीस वर्षांचा. दोन मुली, एकीचे जूनमध्ये लग्न. पत्रिकेत तुमचे नाव टाकतोय असे म्हणाला होता. माझे कशाला, असे कोट्रप्पा म्हणाला होता.

बारा चाळीसला सिंचनाचा फोन आला. या वेळी ती सर म्हणायला विसरली.

"काका, तो सकाळचा आहे. नऊ चौतीसचा. तुम्हाला तेव्हाच एकदा पोचला होता."

कोट्रप्पा खुर्चीवर बसला. "मग परत का आला?"

"तुमच्याकडून पावतीच आली नाही. मेसेज वाचून 'मिळाला' हे बटण दाबायचं असतं. नाही दाबलं तर रांगेला वाटतं तो पोचलाच नाही. मग ती परत पाठवते."

"मी दाबलं होतं, बाई."

"आमच्याकडे नाही आलंय, काका."

त्याला आठवले. नऊ चौतीसला मेसेज आला होता. फोनवर पडवळ आले, त्याने लाईन सोडली आणि रजिस्टर ओढून घेतले. शेषगिरीरावांचा नियमच होता, आधी लिहायचे, मग मिळाल्याची सही. लिहिणे पुरे होण्याआधी मिळाले म्हणायचे नाही. त्याचे अक्षर सावकाश. वेळ, लाईन, नाव, भाजी, शेरा. दहा-बारा मिनिटे सहज गेली असतील. मग त्याने चष्मा पुसून बटण दाबले होते. धा मिनिटं हात लावला न्हाई की पान बंद पडतंय, असे वीरनगौडा म्हणाला होता. बंद पडलेल्या पानावरचे बटण त्याने दाबले होते.

म्हणजे हा मेसेज दुसऱ्यांदा आला तो त्याच्याच हाताने.

"काका? आहात ना?"

"आहे. तुझं नाव काय म्हणालीस?"

"सिंचना."

"सिंचना, बरं केलंस."

त्याने साहेबांना फोन करून सगळे सांगितले, बटणाचेसुद्धा. साहेब म्हणाले, "म्हणजे तो वर आहे."

"व्हय, साहेब."

"बरं." आणि कोरड्या आवाजात, "हे सगळं लेखी द्यावं लागेल तुम्हाला. उशीर का झाला ते."

एक वाजून सात मिनिटांनी फोन वाजला. दुसरी रिंग व्हायच्या आत कोट्रप्पाने उचलला.

"अंबाडी!" मौलासाब धापा टाकत ओरडला. "लई वेळ लागला, कोट्रण्णा. नट गंजलेला, बसतच नव्हता. शिव्या देत बसला असाल."

कोट्रप्पाने रिसीव्हर कानावरून थोडा दूर धरला, मग परत जवळ घेतला. "परत बोल."

"काय?"

"शब्द परत बोल."

"अंबाडी, अंबाडी! कान गेले का तुमचे? दोन महिने हाईत अजून रिटायर व्हायला."

"जेव आता," कोट्रप्पा म्हणाला. पाटी काढली, खिशातली चावी घातली, हँडल ओढले. तीन नंबरचा दिवा लागला. मग त्याने रजिस्टर उघडले आणि रकान्यात सावकाश लिहिले. लिहिताना ड चे पोट जरा मोठे झाले.

साहेबांचा लेखी आदेश दुपारी तीनला येऊन पोचला. तीन नंबर लाईन तात्काळ चालू करावी. कोट्रप्पाने आधी "मिळाला" दाबले. मग रजिस्टरकडे वळला. रावांचा नियम त्याने त्या दिवशी पहिल्यांदा मोडला, आणि मोडताना मान खाली होती.

खुलासा मागणारे पत्रही ॲपवरच आले, आणि रांगेच्या कृपेने तीनदा आले. त्याने तिन्ही वेळा पावती दिली. उशिराच्या कारणासाठी तिथे आठ पर्याय दिले होते. झाड पडणे, पाऊस, जनावर, चोरी, असे. त्याने "इतर" निवडले. चौकशी झाली. पावती न देणे ही ऑपरेटरची चूक, असे त्यात आले आणि ते खोटे नव्हते. जुने परमिट परत उघडल्याबद्दल वीरनगौडाला ताकीद मिळाली. अर्जाचे रकाने बावीसचे चोवीस झाले. आणि समांतर पद्धतीचे मूळच काढायचे म्हणून एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दोन माणसे येऊन सबस्टेशनचा फोन काढून घेऊन गेली. ड्यूटीवर खिशात मोबाईल बाळगायला आधीपासूनच बंदी होती. टेबलावर जिथे फोन असायचा तिथे रेक्झिनचा एक चौकोन नव्यासारखा काळा राहिला.

"आता काय करायचं, कोट्रण्णा?" मौलासाबने विचारले होते. त्याला तोवर सगळे वीरनगौडाकडून कळले होते. कोट्रप्पा रजिस्टराची पाने उलटत राहिला होता. मौलासाब मुलीच्या लग्नाची पत्रिका टेबलावर ठेवून गेला.

एप्रिलच्या शेवटी तीन नंबरवर परत काम निघाले. त्या दिवशी मौलासाब सकाळी स्वतः सबस्टेशनात आला, रजिस्टरापाशी वाकून काहीतरी पुटपुटला आणि मगच ओढ्याकडे गेला. बारा वाजता स्क्रीनवर मेसेज आला. काम पूर्ण. कोट्रप्पाने लगेच पावती दिली. मग चावी खिशातच ठेवून तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. मागे स्क्रीनवर बेळवटगी साहेबांचे एकेक निरोप येऊ लागले. तो जाऊन पावती द्यायचा आणि परत खिडकीशी यायचा.

चाळीस मिनिटांनी रस्त्यावर धूळ दिसली. आठ कोस उन्हातून मौलासाब कुणाच्या तरी मागितलेल्या फटफटीवर आला होता. फाटकापाशी थांबला, पण उतरला नाही. एक पाय जमिनीवर टेकवला, तोंडावरचा रुमाल खाली ओढला.

"शेपू!" तो ओरडला.

कोट्रप्पाने हात वर केला. मौलासाबने रुमाल परत वर घेतला, गाडी वळवली आणि आलेल्या वाटेने निघून गेला.